गरिबीचं कौतुक पुरे, कामाची नोंद ठेवा

प्रति,
माननीय अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
आणि सभागृहाचे सर्व २८८ सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझे आजोबा मुंबईत मशीद बंदरला हमाल होते. वडील ईबीसीच्या, म्हणजे गरीब घरातल्या मुलांना मिळणाऱ्या फीमाफीच्या सवलतीवर जुनी अकरावी झाले आणि शिक्षक झाले. मीही तोच व्यवसाय धरला. आपल्याशी माझा संबंध एवढाच, की आठवीच्या वर्गात दरवर्षी मी आपलं सभागृह शिकवते: अध्यक्ष कोण असतो, उपाध्यक्ष कशासाठी, दोघांना कोण निवडतं.

२६ मार्च २०२५ रोजी आपण अण्णा बनसोडे यांना उपाध्यक्षपदी बिनविरोध निवडलंत. मला मनापासून आनंद झाला. मात्र त्यानंतरच्या बातम्या वाचताना मी अस्वस्थ होत गेले. जिथे बघावं तिथे पानटपरी. बनसोडे यांनी एके काळी पानटपरी चालवली, हे खरंच आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हा माणूस पिंपरी-चिंचवड महापालिकेत नगरसेवक होता, २००९ मध्ये पिंपरीतून आमदार झाला, २०१४ मध्ये हरला, २०१९ ला परत आला, २०२४ ला पुन्हा आला. हरल्यावर पाच वर्षं मतदारसंघात टिकून राहणं ही राजकारणातली सगळ्यात अवघड गोष्ट. तिला एक ओळसुद्धा मिळत नाही आणि टपरी मात्र मथळ्यात जाते. जणू टपरीवरून माणूस उठला तो थेट सभागृह चालवणाऱ्याच्या आसनावर जाऊन बसला, मधली वर्षं कुणीतरी उचलून दिली.

माझी पहिली तक्रार हीच आहे. राबणाऱ्या घरातला माणूस आसनावर गेला की त्याच्या गरिबीचं कौतुक होतं. कामाचा हिशेब मात्र कुणी मागत नाही आणि कुणी ठेवतही नाही. वकील अध्यक्ष झाला तर त्याच्या वकिलीचा उल्लेख पात्रता म्हणून होतो. टपरीवाला, शेतमजूर किंवा हमाल झाला तर त्याच्या कामाचा उल्लेख 'कुठून कुठे आला बघा' असा होतो. एकाचं काम शिडी मानलं जातं, दुसऱ्याचं काम खड्डा. हा फरक सभागृहातल्या अभिनंदनाच्या भाषणांत होतो आणि वर्तमानपत्रांतही होतो. ऐकणाऱ्या मुलांना तो बरोबर कळतो.

माझे आजोबा ज्या टोळीत होते त्या टोळीचा मुकादम काय करायचा, ते मी लहानपणापासून ऐकलं आहे. कोणत्या गाडीवर कुणी जायचं, थप्पी कुणी लावायची, जड माल कुणाच्या पाठीवर द्यायचा, हे तो ठरवायचा. आल्या मजुरीची वाटणी त्याच्यासमोर व्हायची. आजारी माणसाला हलकं काम द्यायचं आणि त्यावरून बाकीच्यांचं डोकं फिरू द्यायचं नाही, हेही त्यालाच बघावं लागे. कुणाचा नंबर डावलला तर संध्याकाळी गाळ्यावर त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागे. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं राहायची. मुकादमाला तोंड लपवायला जागाच नव्हती.

आता अध्यक्षांचं काम बघा. मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा तो तारांकित प्रश्न कोणता स्वीकारायचा, तातडीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणारी सूचना, म्हणजे लक्षवेधी, आज कोणती घ्यायची, औचित्याच्या मुद्द्यावर कुणाला उभं राहू द्यायचं, गोंधळ चालू असताना विधेयक मताला टाकायचं की थांबायचं, आणि मतं समसमान पडली तर आपलं निर्णायक मत कुठे टाकायचं. यातलं पहिलं मोठं काम म्हणजे नंबर लावणं. ज्याने आयुष्यभर नंबरासाठी ताटकळत उभं राहून पाहिलं आहे, त्याला हे काम कळतं. म्हणून सभागृह चालवणारे पीठासीन अधिकारी मला राबणाऱ्या घरातले हवे आहेत. दया दाखवायची म्हणून त्यांना आसन देऊ नका. त्या कामाची जाण त्यांच्याकडे आहे, म्हणून द्या.

दुसरी तक्रार आमच्याच तालुक्यातून निघते. लोकनेते बाळासाहेब देसाई पाटण तालुक्यातल्या विह्याचे. घरची परिस्थिती हलाखीची. कोल्हापुरात मिळेल ते काम करून शिकले, वकील झाले, सातारा जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष झाले, मग आमदार आणि मंत्री. शिक्षणमंत्री असताना त्यांनी वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ केली. त्यालाच आमच्याकडे नुसतं 'ईबीसी' म्हणत. माझ्या वडिलांनी तो फॉर्म भरला होता. आजोबा मुंबईहून महिन्याला जे पाठवायचे त्यात घर चालणंच मुश्कील होतं, फी कुठून येणार? तो फॉर्म नसता तर वडीलही दाणाबंदरला पाठ घेऊन उभे राहिले असते, आणि हे पत्र लिहिण्याइतकी अक्षरं माझ्या हातात आली असती की नाही, सांगता येत नाही.

हेच बाळासाहेब १९७७-७८ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचं मंत्रिपद तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. ईबीसी, कोयनेचा १९६७ चा भूकंप, गृहखातं, सगळं. पण अध्यक्ष म्हणून त्यांनी काय केलं, हे मला शाळेच्या भिंतीवरच्या अंकासाठी लिहायचं होतं, तेव्हा हाती काय लागलं? एक तसबीर, दोन तारखा. एका सरकारी ग्रंथालयात मी दोन फेऱ्या मारल्या. कार्यवाहीचे जुने खंड कुठे आहेत हे सांगणारा माणूस रजेवर होता. दुसऱ्या वेळी तो होता, पण खंड हलवलेले होते. मी कुणाचं नाव घेत नाही, कारण त्या कर्मचाऱ्यांचा दोष नाही. पण रोजगार हमीच्या कायद्याला ज्या १९७७ सालाचं नाव आहे, त्या वर्षी या सभागृहाच्या आसनावर पाटणचा, कष्टातून शिकलेला माणूस होता. त्यांनी कुणाला बोलू दिलं, कुणाला थांबवलं, कोणते निर्णय दिले, हे शोधायला एका शिक्षिकेला साताऱ्याहून मुंबईला रजा काढून जावं लागणार असेल, तर ते माझ्या दृष्टीने हरवल्यातच जमा आहे.

इथे मला एक गोष्ट फार लागते. १९६९ मध्ये याच विधिमंडळाने माथाडी कायदा केला. आमच्याच पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली, लढली, त्याचं ते फळ. त्या कायद्याआधी माझ्या आजोबांचं काम कुठल्याच कागदावर नव्हतं. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मालक विचारला तर मालक कुणीच नाही. कायद्याने मंडळं आली, हमालाची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, मजुरीवर मालकाने मंडळाकडे भरायची जादा रक्कम, म्हणजे लेव्ही आली, भविष्य निर्वाह निधी आला. आजोबांनी त्या नोंदणीचा बिल्ला मरेपर्यंत ट्रंकेत जपून ठेवला होता. थोडक्यात, ज्या सभागृहाने व्यापाऱ्यांना हमालाच्या कामाची नोंद ठेवायला भाग पाडलं, त्याच सभागृहाच्या आसनावर बसलेल्यांच्या कामाची नोंद माझ्यासारखीला सापडू नये, हे मी गप्प बसून मान्य करू शकत नाही.

तिसरं, रिकाम्या आसनांबद्दल. याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तारखाच पुरेशा आहेत. राज्यघटनेचं कलम १७८ म्हणतं की विधानसभेने शक्य तितक्या लवकर आपल्या दोन सदस्यांना अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावं. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी अध्यक्षपद सोडलं. राहुल नार्वेकर ३ जुलै २०२२ रोजी निवडले गेले. मधले जवळजवळ सतरा महिने महाराष्ट्राला विधानसभा अध्यक्ष नव्हता. त्यात सरकार एका बाजूचं होतं आणि नंतर दुसऱ्या बाजूचं आलं, तेव्हा मी कुणा एका पक्षाला बोलत नाही. विधान परिषदेत जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ सभापती नव्हते, राम शिंदे यांची निवड होईपर्यंत. आणि नव्या विधानसभेला उपाध्यक्ष मिळायला निकालानंतर चार महिने गेले. मी वर्गात 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द फळ्यावर लिहिते. मुलं ते वहीत उतरवून घेतात. आमच्या शाळेत वर्गाचा मॉनिटर सोमवारी गैरहजर असला तर दुसरा त्याच दिवशी नेमतात, हे त्यांना माहीत आहे.

आता त्या सतरा महिन्यांकडे जरा थांबून बघा, कारण माझं सगळं म्हणणं तिथे एकत्र येतं. तेव्हा सभागृह कुणी सांभाळलं? उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी. दिंडोरीचे, आदिवासी शेतकरी घरातले. १४ मार्च २०२० रोजी त्यांची बिनविरोध निवड झाली होती, आणि दहा दिवसांत कोरोनाने राज्य बंद झालं. २००९ ची निवडणूक ते अवघ्या १४९ मतांनी हरले होते. पुन्हा उभे राहिले, पुन्हा आले. अध्यक्ष नसताना, साथीच्या काळात, राज्याच्या राजकारणात इतकी उलथापालथ चालू असताना हा माणूस आसन सांभाळत राहिला. त्या काळातल्या त्यांच्या काही निर्णयांवर पुढे न्यायालयात वाद झाले, मतं अनेक असू शकतात, मी त्यात पडत नाही. माझा प्रश्न साधा आहे. इतके महिने अध्यक्षाचं काम करणाऱ्या माणसाला अध्यक्षच का करू नये, हा विचार आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आला? बदली शिक्षक वर्षभर वर्ग चालवतो आणि कायम जागा निघाली की दुसराच येतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. राबणाऱ्याकडे काम येतं, पद येत नाही.

आणि ४ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी हेच झिरवाळ, उपाध्यक्षपदावर असताना, इतर आदिवासी आमदारांबरोबर मंत्रालयातल्या जाळीवर उतरले. धनगरांना अनुसूचित जमातींत घेऊ नये, या त्यांच्या मागणीशी कुणी सहमत असेल, कुणी नसेल. ती जाळी २०१८ मध्ये बसवली, कारण न्याय मिळत नाही म्हणून माणसं मंत्रालयात येऊन जीव द्यायला निघाली होती. ज्याच्या हातात सभागृहात इतरांना बोलू देण्याचा अधिकार आहे, त्याला स्वतःचं म्हणणं ऐकवायला तिसऱ्या मजल्याचा कठडा ओलांडावा लागला. त्या दिवशी मी ते चित्र टीव्हीवर बघत होते आणि मला हसणाऱ्यांचा राग आला. हसले पुष्कळ. उपाध्यक्षाची ही गत, तर थप्पी लावणाऱ्याने आपलं गाऱ्हाणं घेऊन कुठल्या मजल्यावर जायचं?

चौथी तक्रार वाटेबद्दल आहे. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे. ही कमाल मर्यादा आहे, एवढा खर्च करावाच लागतो असं नाही, हे मला माहीत आहे. पण समोरचा ती गाठत असेल तर हमाली करणाऱ्याने पोस्टर कुठून छापायची? अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ हजार. एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर तीही गेली. याहून मोठी अडचण रोजच्या मजुरीची आहे. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी देणं कायद्याने बंधनकारक आहे. मत द्यायला सुट्टी मिळते. पण मत मागायला? फॉर्म भरल्यापासून मतदानापर्यंतचे दिवस जो कामगार कामावर जाणार नाही, त्याची जागा परत आल्यावर शिल्लक राहीलच याची हमी कुणाकडे आहे? टोळीतला माणूस एक महिना गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. म्हणून राबणाऱ्या घरातून सभागृहात जे पोचतात ते बहुतेक आधी ते काम सोडून, दुसऱ्या कशात तरी स्थिर होऊन मगच पोचतात. पाठीवर पोतं असताना कुणी पोचत नाही.

आणि बायका. महाराष्ट्र राज्य १९६० ला झालं. त्यानंतर आजपर्यंत विधानसभेच्या अध्यक्षपदी एकही स्त्री बसलेली नाही. हरियाणा राज्य १९६६ मध्ये झालं आणि त्याच वर्षी शन्नो देवी तिथल्या विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या. आपण सावित्रीबाईंचं नाव प्रत्येक भाषणात घेता. माझी आजी, जिने मुंबईच्या मनीऑर्डरीवर आणि दुसऱ्यांच्या शेतातल्या भांगलणीवर पाच पोरं वाढवली, तिच्यासारखीची नात त्या आसनावर कधी दिसणार, याचं उत्तर कुठल्याच पक्षाने मला दिलेलं नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही दोन्ही पदं नव्या विधानसभेच्या पहिल्याच अधिवेशनात भरावीत आणि मधेच रिकामी झाली तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात. 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती दिवस, हे सभागृहाच्या नियमांत आकड्याने लिहावं. नियम करणं आपल्याच हातात आहे.

१९६० पासूनच्या प्रत्येक अध्यक्ष आणि उपाध्यक्षाच्या कारकिर्दीची नोंद मराठीत, घरबसल्या शोधता येईल अशी, सर्वांसाठी खुली करावी. तसबिरी आणि तारखा नकोत. त्यांनी दिलेले महत्त्वाचे निर्णय, त्यांच्या काळात झालेले कायदे, सभागृह किती दिवस चाललं, किती तास वाया गेले, आणि सभागृहात येण्याआधी त्यांनी काय काम केलं, हे सगळं त्यात यावं. टपरी असेल तर टपरी, मळा असेल तर मळा, वकिली असेल तर वकिली. सगळ्यांची कामं एकाच टाइपात. आणि सुरुवात झिरवाळ आणि बनसोडे यांच्यापासून करा, कारण त्यांना स्वतःला विचारून लिहिता येईल. जुन्या लोकांच्या बाबतीत ती संधी गेली.

निवडणूक लढवणाऱ्या कामगाराला, मग तो कारखान्यातला असो की माथाडी मंडळाकडे नोंदलेला, फॉर्म भरल्यापासून निकालापर्यंत बिनपगारी रजा मिळावी आणि त्याची जागा राखून ठेवावी, असा कायदा या सभागृहाने करावा. यात सरकारच्या तिजोरीतला एक रुपयाही जात नाही.

प्रत्येक अधिवेशनात किमान एक पूर्ण दिवस असंघटित कामगारांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशीचं कामकाज गोंधळात गुंडाळलं जाऊ नये. २०२३ मध्ये माथाडी कायद्यात बदल करणारं विधेयक आलं तेव्हा हमालांनी काम बंद ठेवून ते सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांना दर वेळी मजुरी बुडवून बोलावं लागू नये.

आणि पुढच्या वेळी अध्यक्षपदासाठी नावं चर्चेला येतील तेव्हा प्रत्येक पक्षाने किमान एका स्त्री सदस्याचं नाव गांभीर्याने विचारात घ्यावं. नाकारायचं तर कारण जाहीर सांगावं.

अध्यक्ष महोदय, आपल्याकडे माझी एक व्यक्तिगत विनंतीही आहे. येत्या अधिवेशनात आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांना प्रेक्षक गॅलरीत बसू द्यावं. एकोणतीस मुलं आहेत. त्यांतल्या अकरा जणांचे वडील किंवा आजोबा तुर्भ्याच्या बाजारात हमाली करतात किंवा करत होते. एसटीचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू. त्या दिवशी आसनावर आपण असा किंवा बनसोडे असोत, मुलांना एवढंच बघायचं आहे, की नंबर कसा लावतात.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
पाटण तालुक्यातली एक शिक्षिका